राहिलेलं रडणं

पासपोर्ट हातात घेऊन संजयने आधी फोटो पाहिला, मग वर्षाकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला, आणि काउंटरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक कागद काढून त्यावरची धूळ फुंकली. "मॅडम, तुमाले हा सी-फॉर्म भरा लागते," तो म्हणाला. "फॉरेनर लोकायसाठी असते." पुसदच्या बसस्टँडपासून चार मिनिटांवरचं लॉज, दुपारचे सव्वातीन, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. वर्षाने हे सगळं पाहून घेतलं आणि म्हणाली, "मी इथलीच आहे. अठरा किलोमीटरवर आमचा तांडा आहे." संजयचा चेहरा मोकळा झाला. "मंग काहीच टेन्शन नाही. आधार द्या." आधार नाही, असं ती म्हणाली. "मंग फॉर्म," संजय म्हणाला, आणि कागद तिच्यापुढे सरकवला. त्यात त्याचा काही राग नव्हता. उलट तो खुशीत होता. "आमच्या लॉजवर आजवर एकच फॉरेनर आलता. बोअरच्या मशिनीवाला. दुसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा खाल्ला अन् तीन दिवस खोलीच्या बाहेर निघाला नाही. त्याचा फॉर्म कम्प्यूटरवर चढवता चढवता माहीच तब्येत बिघडली." ती हसली. हसायला हवं तिथे हसली, हे तिच्या लक्षात आलं. आणखीही एक लक्षात आलं. मघाशी 'मी इथलीच आहे' हे वाक्य तिने पुण्यात शिकलेल्या मराठीत म्हटलं होतं. इथलं माणूस तसं म्हणत नाही.

फॉर्मवर रकाने होते. भारतात पोचल्याची तारीख. कुठून आलात. इथून पुढे कुठे जाणार. भेटीचं कारण. कारणापुढे तिने 'नातेवाईकांची भेट' असं लिहिलं. संजयने वाकून वाचलं. "कोन नातेवाईक?" आई, ती म्हणाली. "सख्खी?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच लाजला. "नाही मनजे, आई इथं अन् मुक्काम लॉजवर, म्हणून म्हटलं." या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं. तिने ते लखनभियाला फोनवर दिलंही होतं: रोज संध्याकाळी ऑफिसची मीटिंग असते, नेट लागतं, स्वच्छतागृह लागतं. थोरला भाऊ एवढंच म्हणाला होता, "तुझी मर्जी." संजयसमोर तिने फॉर्मवर सही केली. पेनाचं टोपण लावलं. कुणी आपल्याच तालुक्याच्या गावात परदेशी नागरिक म्हणून सही करतं तेव्हा आत काहीतरी हलत असावं, असं तिला वाटत होतं. हललं नाही. प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधून नमुने काढताना ती जाड मोजे घालते. कुपी हातात आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर कळतं, बोटांना कळत नाही. सही तशीच झाली. नीट आली, नेहमीसारखी.

खोलीत पंखा होता, गादीवर फुलांची चादर होती आणि खिडकीतून एका शाळेचं मैदान दिसत होतं. एकतीस तासांचा प्रवास झाला होता. ट्रॉन्डहाइम, ऑस्लो, दोहा, मुंबई, नागपूर, आणि तिथून अतुल नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीतून वर्धा, यवतमाळ, दिग्रस. निघण्याआधी प्रयोगशाळेतली एक मैत्रीण म्हणाली होती की विमानतळाचं दार उघडलं की पहिला वास येतो आणि माणूस रडायलाच लागतो. ती स्वतः चिलीहून आलेली होती, तिला तसं झालं होतं. नागपूरचं दार उघडलं तेव्हा वास आला. धूळ, डिझेल, कुठेतरी जाळलेला पाला. वर्षा तो घेत उभी राहिली. दोनेक मिनिटांनी नाक सरावलं आणि वास गेला. मग रस्ता. चौपदरी, मध्ये कण्हेरी लावलेली. सहा वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा तो खणून ठेवलेला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून कापूस चालला होता आणि उडालेल्या कापसाचे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना लटकले होते, मैलभर, दोन मैल. सोयाबीन निघून गेलेली काळी वावरं, मधूनच तुरीच्या पिवळ्या फुलांच्या ओळी. सगळं ओळखीचं होतं आणि सगळं बरोबर जागच्या जागी होतं. एखाद्या देशाबद्दल वाचून तिथे गेल्यावर वाचलेलं सगळं खरं निघावं, तसं. अतुल बोलत होता. "ताई, तिकडं सूर्य दिसतच नाही म्हन्तेत हिवाळ्यात?" दिसतो, पण कमी, असं ती म्हणाली. "मंग तुमी लोक तूर कायच्यात वाळवता?" तूर नाही पिकत, असं तिने सांगितलं. अतुलने कापसाची एक ट्रॉली ओलांडली, मग दुसरी. शेवटी म्हणाला, "मंग वरन कायचं करता?" त्या देशाविषयी अकरा वर्षांत तिला विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. तिने मसुरीचं, असं उत्तर दिलं आणि अतुलला ते पटलं नाही.

ती पलंगावर आडवी झाली, पण झोप लागली नाही. उद्या सकाळी तांड्यावर काय होईल हे तिला ठाऊक होतं. आई, मोतीबाई, दारातून बाहेर येईल, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढेल, तिच्या गळ्यात पडेल आणि रडेल. हे रडणं म्हणजे नुसते डोळे पुसणं नव्हे. बंजाऱ्यांच्या बाया फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. मधल्या काळात काय काय झालं, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कुठला बैल बसला तो उठलाच नाही, हे ओळी जुळवून सांगतात. एकीने ओळ म्हणायची, सूर लांबवून सोडून द्यायचा, मग दुसरीने उचलायची. लहानपणी वर्षा शाळेतून येत असली आणि तांड्याच्या बाहेरूनच तो आवाज आला, की कोणीतरी पाहुणं आलंय एवढं कळायचं, आणि पोरं कोण आलं ते बघायला पळत सुटायची. मुली भातुकलीत स्वयंपाक खेळतात तशा या मुली रडणं खेळायच्या. नऊ वर्षांची वर्षा त्यात सगळ्यांच्या वर होती. ती विहिरीत पडलेल्या बकरीवर रडायची, तुटलेल्या चपलेवर रडायची, गणिताच्या गुरुजींच्या बदलीवर रडायची, आणि ओळी अशा बिनचूक जुळवायची की बाया हातातलं काम टाकून ऐकायला यायच्या. एकदा बापाने, धरमसिंगने, ऐकलं. घरात सगळे जिवंत असताना असला सूर काढू नये म्हणून त्याने तिला एक चापट दिली, आणि मग ओट्यावर बसून स्वतःच खो खो हसला, कारण ती लगेच त्या चापटीवरही रडायला लागली होती. सुरात. हे आठवताना आत्ताही तिला चापटीचा आवाज आठवला. बापाचं हसणं आठवलं. ते दोन्ही आवाज बाहेर कुठेतरी चालू असल्यासारखे, मैदानावरच्या मुलांच्या आवाजात मिसळून गेले.

तीन वर्षांपूर्वी, ज्या आठवड्यात धरमसिंगला दवाखान्यात नेलं, त्या आठवड्यात वर्षा कुठल्याच देशाची पूर्ण नव्हती. नॉर्वेचं नागरिकत्व घेतलं होतं, भारताचा पासपोर्ट जमा केला होता, नव्या पासपोर्टवर व्हिसा अजून यायचा होता. तिने तीन अर्ज केले, सात फोन केले, वकिलातीच्या दारात उभी राहिली. व्हिसा आला तो बाप गेल्यानंतर नवव्या दिवशी. "आता येऊन काय करशील," लखनभिया म्हणाला होता. तो चिडून म्हणाला नव्हता. थकून म्हणाला होता. मग ती गेली नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षी नाही, आणि एकदा गेली नाही म्हटल्यावर न जाणं सोपं होत गेलं. आईशी फोन व्हायचा, दर रविवारी. आई फोनवर रडली नाही. एकदाही नाही. फोनवर ते करत नाहीत; त्यासाठी समोर गळा लागतो. आई म्हणायची, "बाकीच्यांजवळ रडून झालं माझं. तुझ्या वाट्याचं ठेवलंय. तू आली की रडू." घरचं बोलणं गोरबोलीतलं, बंजाऱ्यांच्या भाषेतलं. रविवारच्या फोनचा शेवट 'तू आली की रडू' यावर व्हायचा, इतर आया तब्येतीला जप म्हणतात तसा. तीन वर्षं. दीडशे रविवार तरी झाले असतील. वर्षा हो म्हणायची. आणि गेल्या उन्हाळ्यात, तिकीट काढायच्या आधी, ती एकदा कामावरच्या शीतखोलीत गेली होती, दार लावून घेतलं होतं आणि पहिली ओळ म्हणून बघितली होती. तिथून बाहेर आवाज जात नाही. पहिली ओळ सोपी असते, हाक मारायची असते. तिने बापाला हाक मारली. आवाज बरोबर होता, सूर बरोबर होता. वाफ तोंडातून निघाली आणि विरली. दुसरी ओळ आली नाही. पाच मिनिटं वाट पाहून ती बाहेर आली आणि तिने दिवसाची नोंद पूर्ण केली. म्हणजे हे तिला आधीपासून माहीत होतं. आईने तीन वर्षं जे राखून ठेवलं होतं ते घ्यायला आपण रिकाम्या हाताने चाललो आहोत, हे माहीत असूनच ती विमानात बसली होती.

सकाळी साडेनऊला अतुलने तांड्यासमोर गाडी थांबवली. रस्ता आता सिमेंटचा होता. ती उतरली तेव्हा तीन कुत्री आणि चार बाया तिच्याकडे बघत होत्या. लखनभिया पुढे आला. केस पांढरे झालेले, अंगात धुतलेला शर्ट. तिने वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून लगेच काढला. "जाड झालीस थोडीशी," अतुललाही कळावं म्हणून तो मराठीत म्हणाला. "तुमच्याकडं थंडीत तेल लावावं लागत असन आतून." अतुल मोठ्याने हसला, त्यामुळे ती वेळ निभावली. भावजय रंजिता ओट्यावर उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. आणि मग आई बाहेर आली. ती एवढी लहान असेल याची वर्षाला कल्पना नव्हती. फोनच्या पडद्यावर फक्त चेहरा येतो. चेहऱ्यावरून उंची कळत नाही. आईने पदर कपाळापर्यंत ओढला, चार पावलं चालली, आणि तिच्या गळ्यात पडली.

आईची पहिली ओळ सुरू झाली. आवाज जुनाच होता, खालून वर चढणारा, शेवटी थरथरत ठेवून दिलेला. पाण्यापलीकडे गेलेली माझी बाय आली, आणि तिचा बाप कुठं आहे म्हणून विचारते, मी तिला काय सांगू. अशा अर्थाची ती ओळ होती. सूर लांबत गेला आणि थांबला. ही वर्षाची जागा होती. वर्षाला आईच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास आला, तिच्या हातांतल्या बांगड्यांचा दाब आपल्या पाठीवर कळला, खांद्याखाली आईच्या फासळ्या वरखाली होताना कळल्या. गाडीचं इंजिन अतुलने अजून बंद केलं नव्हतं, तेही कळलं. रिकामी जागा भरली गेली नाही, तेव्हा आईने दुसरी ओळ घेतली. ही आधीपेक्षा मोठी होती, लेकीला उचलता यावी म्हणून शेवटी मुद्दाम सोपी करून दिलेली, लहान मुलीला शिकवताना देतात तशी. पुन्हा थांबली. वर्षाने तोंड उघडलं. चार बाया आता जवळ आल्या होत्या. तिने खरोखर प्रयत्न केला. बापाचा चेहरा आणला, चापट आणली, ओट्यावरचं हसणं आणलं. नऊ वर्षांची असताना तुटलेल्या चपलेवर ती यापेक्षा जास्त रडली होती. आईने तिसरी ओळ सुरू केली, पण श्वास पुरला नाही, ओळ मध्येच तुटली आणि आईला धाप लागली, आणि आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे हे वर्षाला आठवलं, आणि ती शांतता कशानेतरी भरायलाच हवी होती. तिने आईच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "मत रो, याडी."

रडू नको, आई. एवढंच. जगात कुठेही मुलगी आईला हेच म्हणेल. आई थांबली. हुंदकाही तिथेच थांबला. वर्षाला आधी बरं वाटलं, आणि मग तिने रंजिताचा चेहरा पाहिला, आणि तेव्हा आठवलं. हे शब्द असतातच. प्रत्येक रडण्याच्या शेवटी असतात. पण ते तिसऱ्याने म्हणायचे असतात, बाजूला उभं असलेल्याने, दोघींच्या पाठीवर हात ठेवून. जिच्या गळ्यात पडलो तिने म्हणायचे नसतात. तिने ते म्हटले तर त्याचा अर्थ, माझ्याकडून काही येणार नाही, असा होतो. वर्षा चौदा वर्षांची असताना मानीबाई आत्याने एका लग्नात आपल्या सख्ख्या बहिणीला तसं म्हटलं होतं. त्यांच्यात विहिरीवरून वाद चालू होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं. त्यानंतर त्या दोघी एका पंगतीत जेवल्या, एकमेकींच्या लेकीबाळींना लुगडी नेसवली, सगळं केलं, पण परत कधी गळ्यात पडल्या नाहीत. विसरायला नको होतं. तो मांडव, मानीबाईचे शब्द सांगताना आईने खाली केलेला आवाज, हे वर्षाला इतकं स्पष्ट आठवत होतं की ती ते विसरली होती असंही म्हणता येत नव्हतं.

आईने पदर मागे घेतला, त्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि दोन पावलं मागे सरली. "बस," ती म्हणाली. "खुर्ची घे. रंजिता, खुर्ची दे तिले. पानी पेतं का? बाटलीचं आनून ठेवलं लखननं." वर्षा खुर्चीवर बसली. लाल प्लास्टिकची, नवी. पाणी प्यायली. अर्धी बाटली संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आई मराठीत बोलली होती. मोतीबाईला मराठी चांगलं येतं. बाजारात, दवाखान्यात, तलाठ्यासमोर, एसटीच्या कंडक्टरशी ती मराठीतच बोलते, खणखणीत वऱ्हाडी. बंजाऱ्यांच्या भाषेत आपल्या माणसाला गोर म्हणतात आणि बाहेरच्याला कोर, आणि मराठी कोरांशी बोलायची. घरात ती मराठी बोलल्याचं वर्षाने आजवर ऐकलं नव्हतं. तिने स्वतः गोरबोलीत विचारलं, तब्येत कशी आहे, गोळ्या घेतेस का. आईने उत्तर दिलं, "हाव, घेतो न. सकाळची एक अन् रातची एक." रुसवा नव्हता त्यात. आवाज साधा होता, पाहुण्याची चौकशी करतानाचा. ती आपल्याला शिक्षा करत नाहीये, हे वर्षाला दिसत होतं. तिला बहुधा कळलंही नसेल. दार लागलेलं दिसल्यावर माणूस दुसऱ्या रस्त्याने जातं, तशी ती गेली होती.

मग वर्षाने बापाचं विचारलं. कधीतरी विचारायचंच होतं. ओट्यावर सावली होती, लखनभिया अतुलला वावर दाखवायला घेऊन गेला होता, रंजिता आत भाकरी टाकत होती. आई खाली बसली होती, पाय पुढे पसरून, तुरीच्या शेंगा सोलत. "मंगळवारी सकाळी छातीत दुखते म्हने," आई म्हणाली. "मी ओवा देल्ला. गॅस असन म्हटलं. दुपारी घाम आला. मंग लखननं गाडी आनली." किती वाजता, असं वर्षाने विचारलं. "तीन वाजले असन. शाळा सुटाची होती." दवाखान्यात कोण डॉक्टर होते, इंजेक्शन कुठलं दिलं, शुद्ध होती का. आई प्रत्येक प्रश्नाला थांबून, आठवून, नेमकं उत्तर देत होती. "बुधवारी बरं वाटलं. चहा पेला. पाव खाल्ला अर्धा. बेस्तरवारी सकाळी गेले." एवढं बोलून तिने शेंग सोलली. दाणे परातीत पडले. वर्षाला वाटलं की आता आपण आणखी काही विचारायला हवं, पण तक्रार, तारीख, वेळ, उपचार, परिणाम, सगळं आलं होतं. अहवालात काही राहिलं नव्हतं. रोज असे अहवाल तिच्या हाताखालून जातात. "तुले भूक लागली असन," आई म्हणाली. "तिकडं का खाता तुमी सकाळी?" पाव आणि चीज, असं वर्षाने सांगितलं. "रोज?" रोज. "बाप्पा," आई म्हणाली, आणि खरंच हळहळली.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. चव तीच होती. तिखट लागलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी येताना तिघेही तिच्याकडे आशेने बघताहेत असं तिला वाटलं, आणि तिने घाईने सांगितलं की ठेचा तिखट आहे. "इकडचा ठेचा आहे, बाई, तो का चीज आहे," रंजिता म्हणाली. लखनभियाने पोराचं सांगितलं, ओमचं. तो आठ महिन्यांपूर्वी पुण्याला कंपनीत लागला होता, घर सोडून पहिल्यांदाच. त्या नोकरीच्या अर्जाचं इंग्रजी वर्षानेच रविवारच्या फोनवर सुधारून दिलं होतं. या घरात तिचा तेवढा हात लागला होता. दोन वाजता मुक्कामाचा विषय निघाला. राहा म्हणून कोणी म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही. आईने रंजिताला सांगितलं, "तिले उशीर होईन. ड्रायव्हर थांबून राह्यला." वर्षा उठणार होती, इतक्यात तांड्याच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि त्यातून हंसाबाई मावशी उतरली. आईची धाकटी बहीण. लग्न करून आदिलाबादकडे गेलेली, वर्षातून एकदा येणारी. वर्षा येणार असं कोणीतरी फोनवर कळवलं होतं, म्हणून ती सकाळी सहाला निघाली होती आणि तीन गाड्या बदलत आली होती. तिने ओट्यावरच्या खुर्चीत बसलेल्या वर्षाकडे एकदा पाहिलं आणि मग मोठ्या बहिणीकडे वळली, कारण आधी मोठीला भेटायचं असतं. आईने परात बाजूला ठेवली. पदर ओढला. दोघी अंगणाच्या मध्ये एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

हंसाबाईने सुरुवात केली. वर्षभरात तिच्याकडे काय झालं ते तिने सांगितलं, सुनेचं बाळ आडवं आलं ते, वाचलं ते. आईने ओळ उचलली. ओम पुण्याला गेल्याचं सांगितलं, घर आता उंबऱ्यापर्यंतच ऐकू येतं असं काहीसं. हंसाबाईने उचललं. आवाज एकमेकींत इतके मिसळत होते की कुठे एक संपला आणि दुसरा लागला हे डोळे मिटले तर कळलं नसतं. वर्षा डोळे उघडे ठेवून ऐकत होती. गोरबोलीतला शब्दन् शब्द तिला समजत होता. मग आईच्या ओळीत ती स्वतः आली. आज सकाळी माझी बाय आली, गाडीतून उतरली, मी तिच्या गळ्यात पडले, आणि माझी बाय मला म्हणाली, रडू नको. हंसाबाईचा सूर तिथे वर गेला आणि फाटला. वर्षाने तपासून पाहिलं. बरोबर होतं. आईने काही वाढवलं नव्हतं, काही कमी केलं नव्हतं, तिला कुठे दोषही दिला नव्हता. झालं तसं सांगितलं होतं. आणि त्यानंतर, श्वास घेऊन, आईने धरमसिंगला हाक मारली. वर्षाच्या वाट्याचं ठेवलेलं होतं ते सुरू झालं.

मंगळवार आला. ओवा आला. घाम आला, आणि तो घाम पुसायला आईने हाताशी आली ती रंजिताची नवी ओढणी घेतली, हे आलं. सकाळी सांगताना हे नव्हतं. बुधवारचा चहा आला. अर्धा पाव आला आणि उरलेला अर्धा त्याने उशीखाली ठेवायला लावला, हा लखनसाठी, लखन उपाशी आहे म्हणून, हेही आलं. मग फोन आला. लखनने फोन बापाच्या कानाला लावला होता, हे वर्षाला माहीत होतं. पलीकडे तीच होती, वकिलातीच्या दारातल्या पायरीवर, बा, बा, ऐकू येतंय का, असं पाच-सहा वेळा विचारत, आणि तिला नुसती खरखर ऐकू येत होती, आणि मग फोन बंद झाला होता. त्या बाजूने काय झालं हे तिला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. आईने ते आता हंसाबाईच्या खांद्यावर सांगितलं. त्याने लेकीचा आवाज ओळखला. फोन कानावरून काढला, छातीवर ठेवला आणि त्यावर आपला तळहात ठेवला, लेक सासरी निघताना तिच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि काढेनाच. लखन म्हणाला, बा, फोन दे, ती बोलतेय. काढेनाच तो हात. सूर लांबला, थरथरला, ठेवून दिला. हंसाबाईने तो उचलला.

वर्षा खुर्चीवरून उठली होती. कधी उठली ते तिच्या लक्षात आलं नाही. ती ओट्याच्या पायरीवर होती, मग अंगणात, त्या दोघींपासून दोन हातांवर. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. ऊन अजून तापत होतं आणि आईच्या पाठीवरचं पोलक्याचं कापड घामाने चिकटलं होतं. आईचा श्वास पुन्हा तुटायला लागला होता. हंसाबाई आता जवळजवळ एकटीच ओळ ओढत होती. रंजिता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि वर्षाच्या शेजारी उभी राहिली. बराच वेळ झाला होता. आता कोणीतरी थांबवायला हवं होतं, आणि लखनभिया पुरुष, रंजिता सून. दोघींच्या पाठीवर हात ठेवायचा मान घरात त्या क्षणी वर्षाचाच होता. रंजिताने डोळ्यांनी तिला खूण केली. मग, ती हलत नाही असं पाहून, कानाशी पुटपुटली, "म्हण ना, बाई. आता तू म्हणू शकते."

वर्षाने हात उचलला होता. आईच्या पाठीपासून तो वीतभर अंतरावर होता. एवढ्या अंतरावरून पाठीची ऊब लागत होती. आईने धाप गिळली, बहिणीच्या खांद्यावर कपाळ बदलून ठेवलं आणि घशातून पुढच्या ओळीचा पहिला, अगदी खालचा सूर निघाला. अजून गुरुवार सकाळ यायची होती.

"थांब, भाबी," वर्षा गोरबोलीत म्हणाली. "अजून झालं नाही तिचं."

रंजिताने तांब्या जमिनीवर ठेवला. आईने ओळ उचलली.